गळ्यामागची पट्टी

नाव विशाखा आनंदराज सूर्यवंशी, वय ४४ वर्षे, धंदा अंगणवाडी मदतनीस, राहणार निलंगा, जिल्हा लातूर.

मी आज रोजी लातूर येथे ठाण्यात स्वतः येऊन, हवालदार सिद्धराम साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी माझी सासू पार्वतीबाई व मुलगी समीक्षा, वय २१, यांच्यासह वरील ठिकाणी राहते. पती हयात नाहीत. समीक्षाची आरोग्य सेविका म्हणून निवड झाली आहे. आज तिचे कागद तपासायचे होते म्हणून ती सकाळच्या एसटीने एकटीच लातूरला आली. चारित्र्याचा दाखला अजून मिळायचा आहे. तो पोलिसांकडूनच मिळतो. पोरीवर गुन्हा लागला तर नोकरी गेलीच, म्हणून माझ्या जिवाला घोर लागला आहे. हे साहेब लिहीत नव्हते, मी लिहायला लावले.

कागदांचे काम झाल्यावर समीक्षा कुर्त्यावर जुळती ओढणी घ्यायला बाजारातील रेडिमेड कपड्यांच्या दुकानात गेली. दुकान मूळ नांदेडचे, लातूरला त्याची शाखा आहे. ओढणी पसंत पडली नाही म्हणून ती तशीच निघाली, तर बाहेर जायच्या दारातले मशीन वाजले. तिला बाजूला घेऊन तपासले. अंगावरच्या कुर्त्याला गळ्यामागे दुकानाची पट्टी होती आणि पट्टीत घंटी वाजवणारी चकती होती. पावती नव्हती. ती आत आली तेव्हाही हाच कुर्ता अंगावर होता, कॅमेऱ्यात बघा, असे तिने सांगितले. त्यावर मॅनेजर रेवणसिद्ध म्हणतात की, मग आधी कधीतरी नेला असेल, आमच्या मालात असले कुर्ते कमी भरत आहेत. आधी म्हणजे कधी, ते त्यांना सांगता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

कुर्ता चोरीचा नाही. नांदेडच्या दुकानातून दरवर्षी न खपलेला कोरा माल गरजूंना वाटतात. उगाच फेकून नासाडी नको, कोणाच्या तरी अंगाला लागावा, असा त्यांचा विचार आहे आणि तो चांगलाच आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत गठ्ठे आले. देण्याआधी प्रत्येक कपड्याची गळ्यामागची पट्टी कात्रीने कापायची, असा दुकानाचा नियम आहे. नाहीतर लोक तो माल परत आणून पैसे मागतात किंवा बाजारात विकतात.

आमच्या वस्तीत कोणी कोणाचे उतरलेले कपडे अंगाला लावत नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून हा नेम आहे. त्याआधी काय काय अंगावर घ्यावे लागले ते सासूबाईंनी त्यांच्या आईकडून ऐकले आहे, ते इथे सांगत नाही. सासूबाईंनी पहिल्याच कपड्याचा गळा उलटा करून पाहिला. पट्टी कापलेली दिसली. "कुणीतरी वापरलेलं हाय हे. माघारी ने," एवढेच मला म्हणाल्या. सगळी वस्ती माघारी फिरली. कोरे आहेत हो, कोरे आहेत, म्हणून मी घसा फोडला, पण ऐकतो कोण? गठ्ठे जसेच्या तसे परत गेले.

मग मी नांदेडला जाऊन दुकानातील एका बाईंना भेटले. वाटपाचे काम त्यांच्याकडे आहे. मी म्हणाले, द्यायचे तर गिऱ्हाइकाला देता तसे द्या, पट्टीला हात लावू नका. त्यांनी नियम सांगितला. मी वाटपाच्या कपड्यांवर हात ठेवून बसूनच राहिले. शेवटी त्यांनी पट्ट्या तशाच ठेवून नवे गठ्ठे बांधून दिले. पट्टीत घंटीची चकती असते हे मला ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या तरी ध्यानात कुठे आले! समीक्षाचा कुर्ता त्यातलाच आहे. सासूबाईंनी पट्टी बघून तो स्वतःच्या हाताने तिला दिला.

सदर बाईंचे नाव साहेबांनी तीन वेळा विचारले. मी सांगितले नाही. नियम मोडला म्हणून त्यांची नोकरी जाईल, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर आहे. साहेबांचे म्हणणे की, नाव नसेल तर या जबाबाला वजन नाही, मॅनेजर तक्रार मागे घेणार नाहीत आणि गुन्हा नोंदवावा लागेल. साहेबांची चूक नाही. पण एका लेकीसाठी दुसऱ्या लेकीच्या पोटावर पाय कसा देऊ, हे मला कोणी सांगत नाही.

कुर्ता पुराव्यासाठी जमा करून घेतला आहे. महिला पोलीस ताईंनी त्यांचा जुना ड्रेस समीक्षाला घालायला दिला. मायेने दिला, त्यांना बोल नाही. पोरगी तो घालून भिंतीकडे तोंड करून बसली आहे. पाणीसुद्धा घेईना. ते बघून मी साहेबांच्या परवानगीने नांदेडला त्या बाईंना फोन लावला आणि घडले ते सर्व सांगितले. नाव लिहू का, असे विचारताना मला रडू आले. पलीकडून गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

बाई म्हणाल्या, "लिवा ताई. पट्ट्या मी ठेवल्या. साहेबाला फोन द्या, मीच सांगते."

साहेबांशी बोलून झाल्यावर त्यांनी फोन पुन्हा माझ्याकडे द्यायला सांगितला. कुर्ता पोरीला नीट बसला होता का, असे विचारले. मी म्हणाले, अंगाच्या मापाने बेतून शिवल्यासारखा बसला होता.

हा जबाब साहेबांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. वर जिथे जिथे दुकानातील बाई असे आले आहे, तिथे पुनम शिवशंकर वट्टमवार, राहणार नांदेड, असे समजावे. खाली माझी सही आहे.