फाटकाच्या आत

(नदीकाठची बोटींची शेड. बोटी दुरुस्त करणारा मिस्त्री आणि एका नौकानयनपटूची थोरली बहीण.)

मिस्त्री: त्या बाकावर नको बाई, वार्निश ओलं आहे.

थोरली: उभीच बरी. धाकटी कुठंय?

मिस्त्री: ती काय, पुलाजवळ. शेवटची फेरी मारते म्हणाली. उद्यापासून वल्ही खुंटीला.

थोरली: डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. खांदे झिजलेत म्हणाले. चाकांच्या खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, तिचा सगळा भार खांद्यांवरच. तेही गेले तर उरलं काय?

मिस्त्री: बरोबर केलंत. पण तुम्ही आज आत कशा? अकरा वर्षं फाटकापर्यंत येता, तिची खुर्ची आत ढकलता अन् पाठ फिरवता. काही बिनसलंय का?

थोरली: त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते?

मिस्त्री: खुनी म्हणालात. सगळ्यांदेखत.

थोरली: मग काय म्हणणार? चार-चार मजल्यांच्या भिंती रंगवणारी माझी बहीण परांचीवरून पडली, कमरेखाली लुळी झाली. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून होती. तुम्ही म्हणालात, हात धड आहेत ना, मग वल्हवेल. छातीला पट्टा बांधलात, आणि दहाव्या मिनिटाला बोट उलटली. पट्टा सुटेना. मी धक्क्यावर, मला पोहता येत नाही.

मिस्त्री: बकल मी पाठीमागे लावलं होतं. तिचा हात पोचेना. चूक माझी. मी उडी मारली म्हणून ती काही कमी होत नाही.

थोरली: तुम्ही तिला वर काढलंत तेव्हा ती हसत होती. मला खरा राग त्याचा आला. दोन वर्षं मी तिला हसवायला जिवाचं रान करत होते.

मिस्त्री: ठसकत होती, नाकातून पाणी, आणि मला म्हणते, "काका, परत!"

थोरली: काल तिची बॅग आवरताना जुना पट्टा निघाला. मी शिवणकाम करणारी, टाके बघूनच कळलं, शिंप्याचे नव्हेत.

मिस्त्री: वाकडे आहेत ना?

थोरली: भयंकर. विचारलं, तेव्हा तिनं बाकीचंही सांगितलं. तुम्ही तो पट्टा स्वतः नव्यानं शिवलात, स्वतःचे पाय दोरीनं बांधलेत, तो छातीला लावलात आणि बोट उलटी केलीत. चाळीस वेळा.

मिस्त्री: वाढवून सांगते. तिसेक असेल. एका हिसक्यात सुटतो का, बघायला नको? बायकोनं आठवडाभर मला घरात नुसतं शिंकताना ऐकलं.

थोरली: आणि मी चार महिने तिला पाठवलं नाही.

मिस्त्री: त्या चार महिन्यांतच पट्टा जमला, बाई.

थोरली: पहिल्या शर्यतीत शेवटची आली ती.

मिस्त्री: शेवटची म्हणजे किती! पंच खुर्च्या गोळा करायला लागले होते. पुढच्या वर्षी चौथी. मग सहा वेळा देशात पहिली. आणि परदेशात, जगातल्या सहा जणींत!

थोरली: सहावी आली.

मिस्त्री: अंतिम फेरीत सहावी. नीट म्हणा.

थोरली: फोनवर बघत मशीन चालवत होते. सुई बोटात गेली, कळलंसुद्धा नाही. मिस्त्री, मला गोड बोलता येत नाही. तिचं खाणंपिणं, आंघोळ, औषधं, सगळं मी केलं. मी तिला जगवलं. पण जगावंसं वाटलं तिला, ते इथं. एवढं म्हणायला आले होते. तुमचे फार उपकार आहेत.

मिस्त्री: अहो, उपकार कसले. गळक्या बोटींना ठिगळं लावण्यात जन्म गेला असता माझा. तिच्यामुळं माझ्या हातची बोट परमुलखाच्या पाण्यात उतरली. आणि फाटकापर्यंत खुर्ची कुणी आणली? ते चार महिने सोडले तर एक दिवस खाडा नाही तुमचा. ती बघा, आलीच.

धाकटी: ताई? तू आत?

थोरली: बडबड नंतर. पट्टा सोड, हात माझ्या गळ्यात टाक.

धाकटी: काका, हिला सांगा, बोट डुलते. घरचा पलंग नव्हे हा.

थोरली: तेरा वर्षं उचलतेय तुला, मला नको शिकवूस. मिस्त्री, तुम्ही बोट धरा. घट्ट.

मिस्त्री: धरली, ताई.