दुसरी नळी

(रुग्णालयातला बोळ, भर दुपार. भाजलेल्यांच्या वॉर्डाचं दार बंद आहे. बाकावर बहीण बसली आहे. समोर भिंतीला टेकून तिचा थोरला भाऊ उभा आहे. तो अग्निशमन केंद्राचा अधिकारी, अंगात अजून कामाचाच गणवेश.)

बहीण : ...आणि वर दुर्बीण. माझा नवरा त्या केबिनमध्ये डोळे धरून ओरडत होता, आणि तू लांब चढावर उभा राहून दुर्बिणीनं टँकरवरची पाटी वाचत होतास. तमाशा बघायला आला होतास का, दादा?

भाऊ : पाटीवर नंबर असतो. आत काय भरलंय ते त्यावरून कळतं.

बहीण : ॲसिड भरलंय हे मी घसा फोडून सांगत होते ना? त्यांची बायको सांगत होती. रोज तेच वाहून नेतात ते.

भाऊ : ॲसिडं काय एक तऱ्हेची असतात? कुणाच्या सांगण्यावर मी माणसं आत सोडत नाही.

बहीण : बरोबर आहे. तू कुणाच्या सांगण्यावर काही केलंयस का आजवर? गाडी तरी जवळ आणायचीस. ती पार चौकाच्या पलीकडे.

भाऊ : गाडी चढावर लावतात, वाऱ्याकडे पाठ करून. उताराला लावली असती तर ॲसिड आमच्याच चाकांखाली आलं असतं. मग आम्हाला काढायला दुसरी गाडी बोलवा.

बहीण : प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. लहानपणी माझी सायकल गटारात घातलीस तेव्हासुद्धा चूक गटाराचीच होती.

भाऊ : हे आत्ता काढायची गरज आहे का?

बहीण : आहे. टाकी भरून पाणी होतं गाडीत, आणि तू थेंबभर मारलं नाहीस. वाळू टाकत बसलात. घमेली भरभरून वाळू, बंगल्याचं बांधकाम काढल्यासारखी.

भाऊ : तीव्र ॲसिडच्या डबक्यावर पाणी मारलं की ते उकळून उडतं. डबकं केबिनच्या दाराखाली होतं. पाणी मारलं असतं तर तो आतल्या आत शिजला असता.

बहीण : शिजला असता. तोंडाला येतं तरी कसं तुझ्या?

भाऊ : तूच विचारलंस.

बहीण : मी विचारलं नाही, मी बोलतेय. तुला त्यातला फरक कधी कळला नाही. भोंग्यावरून काय ओरडत होतास, 'खाली उतरायचं नाही, बाटलीतलं पाणी डोळ्यांत ओता'? शेजारची बाई मला म्हणाली, हा अधिकारी आहे की दाराआडून सल्ले देणारा नातेवाईक? मी तिला कोणत्या तोंडानं सांगू की दोन्ही आहे म्हणून?

भाऊ : उतरला असता तर पाय गेले असते. खालचा सगळा रस्ता भरला होता.

बहीण : एकदा उतरलेच होते ते.

भाऊ : तेच तर. टँकरचा मागचा भाग खांबाला घासला, व्हॉल्व्ह तुटला, इथवर नशीब. पण चष्मा नाही, हातमोजे नाहीत, आणि हा पठ्ठ्या व्हॉल्व्ह बंद करायला वाकतो. आजवर दहा वेळा सांगितलं होतं मी त्याला...

बहीण : सकाळची शाळा सुटायची वेळ होती, दादा. उताराला शाळेचं फाटक आहे. म्हणून वाकले ते. तोंडावर उडालं तेव्हा आंधळ्यासारखे चाचपडत परत वर चढले. हे तुला पाटीवर वाचायला मिळालं नसेल.

भाऊ : मला माहीत नव्हतं.

बहीण : तुला त्यांच्याबद्दल माहीत तरी काय आहे? माझ्या लग्नात ड्यूटी निघाली तुझी. घरी आलास की उंबऱ्यातूनच टायर बघा, व्हॉल्व्ह बघा. जेवलात का, असं एकदा विचारलं नाहीस. टँकरवाल्याला बहीण दिली ही सल तुझ्या पोटात आहे, आणि आज ती बाहेर आली.

भाऊ : जीभ आवर. माझ्यावर काय वाट्टेल ते बोल, पण कामावर बोलू नकोस.

बहीण : कामावरच बोलणार. मला एकच सांग. आत दुसरा कुणी असता, तर एवढी वाट बघितली असतीस?

भाऊ : दुसरा असता तर...

बहीण : तर काय? बोल ना. आता का वाचा बसली?

भाऊ : काही नाही.

बहीण : आणि बाहेर काढल्यावर? ॲम्ब्युलन्स दारं उघडून उभी होती. डॉक्टर हाका मारत होता. तू त्यांचे कपडे कात्रीनं कापलेस, भर रस्त्यात, सगळ्या जगासमोर, आणि डोक्यावर नळी धरून बसलास. धुतोय, धुतोय, धुतच राहिलाय. मी तुझ्या हाताला लटकले तर मला ढकललंस.

भाऊ : कपड्यांत ॲसिड होतं. तसंच गाडीत घातलं असतं तर वाटभर जळत राहिला असता. आधी पाणी, मग डॉक्टर. त्याच्या अब्रूपेक्षा मला त्याचे डोळे महत्त्वाचे होते.

बहीण : आणि माझ्यापेक्षा?

भाऊ : हो. त्या वेळी तुझ्यापेक्षाही. तू नळीच्या आड येत होतीस.

जोडीदार : (जिन्यानं वर येत; अंगात अग्निशमन जवानाचा गणवेश) साहेब.

भाऊ : काय रे? आपला पहिलवान कसा आहे?

जोडीदार : खालच्या मजल्यावर आहे. तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच वर आलो.

भाऊ : येणारच होतो. ही माझी बहीण.

जोडीदार : ओळखतो. रस्त्यावर पाहिलं ह्यांना.

बहीण : बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही ह्याच्याच गाडीवरचे ना? मग तुम्हीच सांगा ह्याच्या तोंडावर. माझ्या नवऱ्याला किती ताटकळत ठेवलं ह्यानं?

जोडीदार : ठेवायला हवं होतं, ताई. ठेवलंच नाही.

बहीण : म्हणजे?

भाऊ : हे आपण केंद्रावर बोलू.

जोडीदार : केंद्रावर चहा येतो साहेब, आणि चहाबरोबर विषय बदलतो. इथंच बोलू. ताई, आमच्या गाडीवर असल्या कामाचा एकच सूट होता, तोही अर्धा. रबरी बूट, बाकीचे सूट, सगळं दुसऱ्या गाडीवर, आणि ती गाडी वाटेत होती. ती येईपर्यंत वाळूचे बांध घालायचे आणि आत कुणी जायचं नाही, हा नियम. गेलं तर जोडीनं जायचं. हा नियम आम्हाला शिकवला कुणी? ह्यांनीच. एका पोरानं सरावात मोडला तर त्याला आठवडाभर गाडी पुसायला लावली होती.

बहीण : मग आत कोण गेलं?

जोडीदार : पहिलवान. माझा जोडीदार. एकटा. अंगात अर्धा सूट, पायांत आगीवर घालायचे कातडी बूट.

भाऊ : त्यानं हात वर केला होता.

जोडीदार : त्याचा हात नेहमीच वर असतो. खाली करायला अधिकारी असतो.

भाऊ : माणूस शुद्ध हरपत होता. दार उघडून खाली कोसळला असता तर तुझी दुसरी गाडी काय कामाची होती?

जोडीदार : असेल. तुम्ही तेव्हा हे म्हणाला असतात तर मी मान्य केलं असतं. तुम्ही म्हणालात, 'जा, माझा मेहुणा आहे.' मी तिथंच उभा होतो.

बहीण : दादा?

भाऊ : म्हणालो असेन.

बहीण : म्हणजे दुसरा कुणी असता, तर?

जोडीदार : तर आम्ही अजून वाळूच टाकत असतो, ताई. आणि ते बरोबर ठरलं असतं.

भाऊ : झालं तुझं समाधान? आता खाली जा.

जोडीदार : झालं नाही. अजून मुद्द्यावर आलोच नाही. ताई, कातडी बूट आगीत चांगले. ॲसिड मात्र ते पितात. वरून कोरडे दिसतात आणि आत पाय जळत असतात. डबक्यातून परत आलेल्या माणसाला तिथल्या तिथं पाण्याखाली घ्यावं लागतं. म्हणून धुवायला दोन जागा करायच्या, एक जखमीची, एक आपल्या माणसाची. दोन नळ्या. त्या दिवशी... काय बोलतोय मी, आज सकाळचीच गोष्ट. आज नळी एकच चालू होती. ती तुमच्या मिस्टरांवर होती आणि साहेबांच्या हातात होती.

बहीण : आणि ते पहिलवान?

जोडीदार : मागे उभा. बँकेत नंबर यायची वाट बघावी तसा. एक शब्द बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा, जेवणात मीठ नसलं तरी गप्प जेवून उठतो.

भाऊ : तू कुठं होतास तेव्हा? तू का नाही जोडलीस दुसरी नळी?

जोडीदार : मी पंपावर होतो. तुम्हीच उभं केलं होतं. 'डोळ्यांवर पाणी आहे, दाब कमी ठेव, पंप सोडलास तर बघ.' मी तिथून ओरडलो, साहेब, पहिलवान उभाय. दोनदा ओरडलो. तुम्ही मागे न बघता हात वर केलात. 'थांब' म्हणून.

भाऊ : मला वाटलं, तू पाणी बंद करू का विचारतोयस.

जोडीदार : वाटलं असेल. एकदा वळून बघायचं होतं.

भाऊ : डोळे होते ते. डोळे आधी, पाय नंतर. कुठल्याही डॉक्टरला विचार.

जोडीदार : डोळे आधी की पाय आधी, हे तुम्ही ठरवलं असतं तर मी तुमच्यासमोर असा उभा राहिलो नसतो. तुम्ही ठरवलं नाही. तुम्ही विसरलात. दुसरी नळी गाडीवर गुंडाळलेली होती, जोडायला तुमचा एक शब्द पुरे होता. तुमच्यासमोर तुमच्या घरचा माणूस होता, म्हणून आमच्यातला एक तुम्हाला दिसलाच नाही.

भाऊ : किती... पाय किती गेलेत?

जोडीदार : बूट कापून काढले. डावं पाऊल राहणार नाही म्हणतात. उजव्याचं उद्या कळेल.

भाऊ : मी बघून येतो.

जोडीदार : नको. मोठ्या साहेबांना मी हे असंच सांगणार आहे, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तुम्हाला आधी सांगायला आलो, पाठीमागून गेलो असं व्हायला नको म्हणून.

भाऊ : सांग. मी खोडणार नाही.

जोडीदार : खोडा की नका खोडू. त्यानं पाऊल परत येत नाही.

बहीण : दादा, डॉक्टर मघाशी बाहेर आले होते. तू फोनवर होतास तेव्हा.

भाऊ : काय म्हणाले?

बहीण : दोन्ही डोळे वाचले. उजव्यानं थोडं धूसर दिसेल. म्हणाले, रस्त्यावर ज्यानं कुणी एवढा वेळ धुतलं, त्याच्यामुळे वाचले. नाहीतर दोन्ही गेले होते.

भाऊ : आणि तू हे आत्ता सांगतेयस? तासभर मला फाडून खातेयस आणि...

बहीण : मी तुला सांगणारच नव्हते. माझ्या तोंडून तुला ते ऐकायला मिळू नये असं वाटत होतं. अजूनही वाटतंय. मला तुझा राग आलाय दादा, तो ह्यानं कमी झालेला नाही. उलट आता कुठं ठेवू तेच कळेना.

भाऊ : ठेव माझ्याकडेच.

बहीण : गोड बोलू नकोस. पहिलवानच्या बायकोला कुणी कळवलं?

जोडीदार : अपघात झालाय एवढंच सांगितलंय. निघालीये घरून, पोचेलच. पावलाचं माहीत नाही तिला.

भाऊ : मी सांगतो. माझं काम आहे ते.

जोडीदार : तुम्ही खाली येऊ नका, साहेब. हात जोडतो.

भाऊ : माझा माणूस आहे तो. त्याच्या घरच्यांना तोंड द्यायची माझी जबाबदारी आहे.

बहीण : तू तिला समजावत बसशील, दादा. डोळे आधी का, पाय नंतर का, गाडी चढावर का. तिला आज कारणं ऐकायची नसतील. तिला कुणाला तरी शिव्या घालाव्या लागतील. मला ठाऊक आहे, मी तेच करत होते इथं. मी जाते खाली.

जोडीदार : ताई, तुम्ही कशाला? ती तुम्हाला ओळखत नाही.

बहीण : जिन्यानं की लिफ्टनं?

जोडीदार : जिन्यानं. उतरल्यावर डाव्या हाताला.

भाऊ : थांब. काय सांगणार आहेस तिला?

बहीण : पाणी माझ्या नवऱ्यावर चालू होतं, एवढंच. पुढचं ती बोलेल.