विस्कटलेला भांग

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं. आता कपाळ कुठवर पोचलंय, एवढंच न्हाव्याला बघावं लागतं. तो कात्री धरून नवराबायकोचं ऐकत होता.

"बाजूने बारीक, वर विस्कटलेले. त्या भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे."

"अहो, विस्कटायला आधी असावे लागतात."

"उद्या मुलाखत आहे. तरुण दिसलो नाही, तर ही नोकरीही हातची जाईल."

"झोपेतून उठल्यासारखं दिसायला पैसे मोजायचे? घरी रोज फुकट दिसता."

"वॅक्स लावलं की केस दाट वाटतात म्हणे."

"लावा. मी त्या चकचकीत टकलात बघून टिकली लावीन."

"तू गप्प बस. दादा, कापा!"

न्हाव्याने कापले, वॅक्स चोळलं, उरलेले विस्कटले.

"अहो, तुमच्या मोबाइलवर ऑफिसचा निरोप आलाय."

"काय म्हणतात?"

"मुलाखत फोनवरच घेणार आहेत."