सुळका आणि घळ

फोटोवाले : अहो बाई, वरचा सुळका झकास आलाय. खालची घळ मात्र काळीकुट्ट.

बाई : माझ्या मोबाइलमध्येही अस्संच आलं होतं. म्हणून तर रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, "झरा आहे कुठे? नकाशात नाही, फोटोतही नाही. मग घळ बुजवून रस्ता न्यायला हरकत काय?"

फोटोवाले : थांबा, घळीच्या हिशेबानं उजेड वाढवतो... हं, आता बघा.

बाई : पाणी दिसलं! पण काका, सुळका कुठे गेला?

फोटोवाले : आभाळात विरघळला.

बाई : मग ही कुठलीही घळ असू शकते म्हणतील. परवा सुनावणी आहे. एकाच फोटोत दोन्ही हवं.

फोटोवाले : तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. मागे निळा पडदा, समोर दोन दिवे. हनुवटी वर, डोळे उघडे, झालं! आभाळाशी कधी गाठच पडली नाही.

बाई : पण मला इथून दोन्ही दिसतंय की. माझ्या डोळ्यांना जमतं ते कॅमेऱ्याला का नाही?

फोटोवाले : तुम्ही आधी सुळका बघता, मग घळ. मधल्या मधे डोळा गुपचूप जुळवून घेतो. कॅमेऱ्याला सगळं एका घासात गिळायचं असतं.

बाई : मग दोन फोटो काढून जोडले तर?

फोटोवाले : जोडतो की. पण साहेबांनी विचारलं, जोडलाय का, तर काय सांगाल?

बाई : खरं तेच. आणि मग झरासुद्धा जोडलेलाच ठरेल. नको.

फोटोवाले : आत्ता ऊन सुळक्याच्या पाठीमागे आहे. घळीत शिरतं कधी?

बाई : काय माहीत! मी येते ती सकाळी, शाळेआधी. बारा वर्षं भूगोल शिकवतेय, सूर्य कुठून कुठे जातो ते मुलांकडून पाठ करून घेते. पण दुपारी इथे कधी थांबलेच नाही.

फोटोवाले : मग आज शाळेला दांडी.

(दुपार. दोघं अजून त्याच दगडावर.)

बाई : आलं, आलं ऊन! काढा लवकर.

फोटोवाले : काढला. छे! पाणी पांढरंफटक.

बाई : आता कशामुळे? ऊन तर दोन्हीकडे पडलंय.

फोटोवाले : कातळ काळा आहे ना. कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडलाय, म्हणून तो आपणहून उजेड वाढवतो. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हे काळंच आहे, काळंच राहू दे. आता उजेड थोडा कमी केला.

बाई : आणि हा कोपऱ्यात आलेख कसला?

फोटोवाले : उजेडाचा. डावीकडे अंधार, उजवीकडे झगझगाट. उजव्या कडेला जाऊन आपटला की तिथलं सगळं पांढरं पडून करपलं समजा.

बाई : आता तर कडेच्या अलीकडेच थांबलाय.

फोटोवाले : म्हणून बघा. सुळका, घळ, पाण्याची धार. खालचं शेवाळसुद्धा.

बाई : काका, काय झालं? नुसते बघत बसलात ते.

फोटोवाले : रस्त्यासाठी जो अर्ज गेलाय ना, त्यावर माझी सही आहे. रस्ता झाला की माझं दुकान तिठ्यावर येतं. 'घळ कोरडी आहे' असं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं, आणि सही केली.

बाई : मग आज आलात कशाला?

फोटोवाले : तुम्ही दुकानात म्हणालात, पाणी आहे, पण फोटोत येत नाही. ते काही डोक्यातून जाईना. आहे ते येत नाही म्हणजे काय!

बाई : फोटोच्या मागे काढणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. पंचाईत होणार असेल तर दुसऱ्या कुणाकडून...

फोटोवाले : माझंच घाला. दुकानाच्या पत्त्यासकट. रस्ता काय, वळसा घालूनही नेता येतो.

बाई : मग दुकान तिठ्यावर नाही यायचं.

फोटोवाले : नाही यायचं. बाई, हे पाणी पुढे जातं कुठे हो?

बाई : चला, दाखवते. चपला हातात घ्या, दगड निसरडे आहेत.