उत्तर नाही

"सन्मानाच्या कामाशिवाय देशाची वाढ टिकूच शकत नाही," सौंसरच्या बसस्टँडवर बसून संशोधक मॅडम फोनवर देशाचं भवितव्य सांगत होत्या.

"पाय वर घ्या न मॅडम, झाडून राहिली मी."

"अहो, मालतीताई ना तुम्ही? गेल्या वर्षी कापसाच्या जिनिंग कारखान्यात तुमच्या यजमानांची, उत्तमरावांची मुलाखत घेतली होती मी. कसे आहेत?"

"पोळ्याच्या दिवशी वारले ते."

"अरेरे."

"काय सांगतलं होतं त्यांनी तुमाले?"

"काम सन्मानाचं वाटतं का, असं विचारलं. तर कितीतरी वेळ नुसते हसत बसले. मी फॉर्मवर 'उत्तर नाही' लिहिलं."

"मोबाइलात टेप केलं होतं न?"

"केलं होतं. पण त्यात बोलणं काहीच नाही, ताई."

"बोलणं राहू द्या. हसणं तेवढं ऐकवा न."