हात लांब करणे

फिटर : पंखा नाही, मिक्सर नाही, नुसता कागद घेऊन दुकानात आलात. कागद मी दुरुस्त करत नाही, साहेब.

अनुवादक : ओळखलंत म्हणजे.

फिटर : पोटावर पाय देणाऱ्याला कोण विसरतं? कंपनीत माझा जबाब इंग्रजीत तुम्हीच केलात ना? बसा. स्टुलाचा पाय हलतो, जपून.

अनुवादक : तुमचं वाक्य अजून पाठ आहे. ‘साहेबांची बाही पट्ट्यात जाताना दिसली, तसा मी झेपावलो.’

फिटर : मग? ओढलं नसतं तर आख्खे साहेबच मशीनमध्ये गेले असते. पडले, हात मोडला. वर म्हणतात, फिटरने ढकललं. त्यांची पाठ होती, त्यांना काय दिसणार!

अनुवादक : झेपावलोचं मी ‘लंज’ केलं. त्याला ‘ॲट’ जोडलं. म्हणजे साहेबांच्या अंगावर धावून गेलात. वरच्यांनी तेवढंच वाचलं. बाही कोण वाचतो?

फिटर : आणि मी घरी.

अनुवादक : काल नातीला शाळेसाठी शब्दांची मुळं शोधून हवी होती. नेमका ‘लंज’ निघाला. मूळ फ्रेंच. अर्थ काय, तर लांब करणे. तलवारबाजीत हात लांब करतात ना, त्यावरून आलाय.

फिटर : म्हणजे मी हात लांब केला.

अनुवादक : एवढंच केलंत.

फिटर : ते मला ठाऊक होतं हो. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

अनुवादक : शब्द नव्हता चुकला. ते ‘ॲट’ चुकलं. आणि ते मला त्याच संध्याकाळी, जेवताना कळलं.

फिटर : त्याच संध्याकाळी?

अनुवादक : फाईल सकाळी जायची होती. दोन अक्षरं खोडायची होती फक्त. पण मी तेव्हा कायम व्हायचा होतो. चुकलो म्हणून सांगायला घाबरलो.

फिटर : बारा वर्षं बायकोला सांगत होतो, जाऊ दे, बिचाऱ्याला शब्द कळला नसेल. ती म्हणायची, एवढ्या शिकलेल्याला कळत नाही होय? तुम्ही म्हणजे अगदीच हे.

अनुवादक : वहिनी आत आहेत?

फिटर : दोन वर्षं झाली जाऊन. तिचंच खरं निघालं, आणि सांगायला ती नाही.

अनुवादक : यात सगळं लिहून सही केलीय. कंपनीला देतो.

फिटर : कंपनीचं गोदाम झालं. कुणाला देता? ठेवा तिथे, स्क्रूच्या डबीखाली. पंख्याने उडेल नाहीतर.

अनुवादक : मला माफ…

फिटर : ते नका मागू. आज नाही जमायचं. निघा तुम्ही, गिऱ्हाईक यायची वेळ झाली. आणि बाहेरची पायरी उंच— अहो, पायरी!

(फिटर झेपावतो. वाटेतलं स्टूल आडवं होतं.)

अनुवादक : …धरलंत.

फिटर : धरलं. आता हे कुठे लिहू नका.