दहा व्होल्टची पेटी

—हो, शिकले हॉलंडला, आणि वाटलं होतं, अमेरिकेत, डुलुथला परत आले की बाबांच्या कारखान्यात सगळे माझं ऐकायला बसलेलेच असतील! आणि सापडलं काय? ही पेटी. अहो कुरियरवाले, डिकीत नको— पुढच्या सीटवर ठेवा, पट्टा लावा. आणि बॅटरीची वायर काढू नका हं, एकदा बंद पडली की हिचं मापच बदलतं. माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. बाबांनी बनवलेली. दहा व्होल्ट देते म्हणजे दहाच! आमची चिप विजेचा दाब मोजून त्याचा आकडा करते, आणि प्रत्येक चिपची चूक आम्ही हिच्याशी ताडून काढतो— कॅलिब्रेशन. मग चूक गेली की नाही, ते कशाशी तपासतो? हिच्याशीच! स्वतः पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा— नापास होणार कोण? सगळ्या चिपा पास, की बाबा लेफ्सा— आमची नॉर्वेची बटाट्याची पोळी— वाटणार.

परवा मी बाहेरून दहा व्होल्टचं दुसरं, तपासलेलं प्रमाण मागवून लावलं. सगळ्या चिपा एकाच बाजूला ढळलेल्या— म्हणजे पेटीच ढळलीय. तर कारखान्यातले सगळे हसले हो! "आली हॉलंडची पंडित, बापाला मोजायला शिकवतेय!" हसा. चिपा जातात कुठे? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इन्क्युबेटरमध्ये, तिथे तापमानाचा आकडा हीच चिप देते. बाळ गार पडत असेल, आणि आकडा म्हणेल, ऊब झकास!

काल जेवताना बाबा म्हणाले, "सुनिवा, वसंतात मी निवृत्त होतोय. तेवढं थांब गं." आयुष्यात कधी काही मागितलं नाही त्या माणसानं. दिलंही नाही म्हणा— माझ्या शाळेच्या एका समारंभाला आले नाहीत, पेटीपाशी बसायचं असायचं. खरं सांगू? पेटी चुकतेय हे दिसलं ना, तेव्हा मला आनंद झाला. बाळांसाठीच— म्हणजे, बाळांसाठीही. असं काय बघताय?

"थांबते" म्हटलं मी त्यांना. म्हटलं आणि झोपले.

पाठवणारा कोण? माझं नाव घाला. सुनिवा हॉगन. आडनाव त्यांचंच, त्याला इलाज नाही.

दारात उभे आहेत ना ते? कोट न घालताच? या थंडीत— नको, मी नाही वळून बघणार. सकाळी उठले आणि ठरवलं: चिपांचा माल थांबेल, पेटी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला जाईल. तुम्ही निघा आता. निघा म्हणते ना!